मेळाव्यात राबलेल्या सगळ्यांचे आभार

मायस्थेनिया ग्रॅव्हिस असलेल्या आम्हा सगळ्यांच्या मेळाव्यात राबून, नावही न सांगता निघून गेलेल्यांचे मनापासून आभार. या आजारात शरीरातलीच प्रतिपिंडं नसेकडून स्नायूला मिळणारा निरोप अडवतात, आणि वापरता वापरता स्नायू थकत जातात. सकाळचा खणखणीत आवाज दुपारी बोबडा होतो, पापण्या मिटू लागतात. हे जाणून तुम्ही महत्त्वाची सत्रं सकाळीच ठेवलीत, आडवं व्हायला खोली दिलीत, पायरिडोस्टिग्मिन या आमच्या औषधाच्या गोळीच्या वेळी पाणी आणून दिलंत. जेवणही मऊ होतं.

आणि एका ताईंचा आवाज बोलता बोलता बसला, तेव्हा माईक काढून न घेता शेजारी शांत उभा राहिलेला तो मुलगा! ताईंनी दम घेतला आणि वाक्य पूर्ण केलं. (एवढा वेळ एरवी आम्हाला कोण देतं?) त्याला ओळखणाऱ्या कुणी हे वाचलं, तर आमचा निरोप जरूर पोचवा.