टाकी गळत नसेल तर लेप कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या दुचाकींच्या निगेवरचा लेख वाचला. पावसाळ्याआधी पेट्रोलची टाकी आतून ‘कोटिंग’ करून, म्हणजे गंजरोधक लेप देऊन घ्यावी, असा सरसकट सल्ला त्यात आहे. माझं चिपळूणला गॅरेज आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर गाळ शिरलेल्या टाक्यांची आमच्याकडे रांग लागली होती. तेव्हा ज्यांनी दुसरीकडून घाईघाईत आतून लेप मारून घेतला, त्यांतले काही आता येताहेत. कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या) जाळीत लेपाचे पापुद्रे, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) बंद आणि गाडी चढावर मान टाकते.

लेप धरतो तो स्वच्छ, खडखडीत कोरड्या पत्र्यावर. जुन्या स्कूटरच्या टाकीत खालच्या जोडात ओल आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल दोन्ही दडून बसतं. तिथूनच लेप सुटायला लागतो. त्यात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ साली १० टक्के होतं, ते आता २० वर आलं. काही जुन्या प्रकारचे लेप त्यात मऊ पडतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं. बुलेटसारख्या टाकीत मधून फ्रेमचा पाइप जातो, तिथे कॉक नसलेल्या बाजूचं पाणी गाडी चालवूनही निघत नाही. गंज आधी तिथेच शोधावा.

गंज वरवरचा असेल तर धुणं पुरतं. टाकी उतरवून, उघड्यावर रिकामी करून साबणाच्या गरम पाण्याने धुवायची. लोक आत नट नाहीतर खडी टाकून हलवतात. मी जुनी बारीक साखळी घालतो, टोक धरलं की सगळी बाहेर येते. मग कॉकच्या भोकाला बूच मारून गरम पाण्यात लिंबूसत्त्व कालवून काठोकाठ भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. फरशीचं अ‍ॅसिड नको. ते चांगला पत्राही खातं, आणि त्याच्या वाफेने गॅरेजातले पानेसुद्धा गंजतात. सकाळी खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं, धुवायचं, कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवायचं आणि लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत खेळवायचं. इथे कोणी चहाला गेला की पत्र्यावर पिवळी भुकटी धरलीच म्हणून समजा.

आता लेपाचं. टाकी धुतल्यावर बाहेरून चुना फासावा, वाळू द्यावा आणि आत रॉकेल भरून ठेवावं. चुन्यावर डाग उमटला नाही, तर लेपाचे पैसे खिशात ठेवा. एखादंच भोक असेल आणि भोवतीचा पत्रा टोच्याने दाबून दबत नसेल, तर पितळी वेल्डिंग बरं. तेही टाकी नीट धुऊन, अनुभवी माणसाकडूनच. ‘रिकामीच तर आहे’ म्हणून ज्योत लावू नये, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. तळाला चाळण झाली असेल आणि त्या मॉडेलची टाकी बाजारात मिळतच नसेल (जुन्या येझदी मोटारसायकलवाल्यांना विचारा), तेव्हा मात्र लेपाला पर्याय नाही. तोही कॉकचे आटे आणि झाकणाचं हवेचं भोक तेवढ्यापुरतं बंद करून, डब्यावर लिहिलेले दिवस पुरते वाळवून. एकदा लेप दिल्यावर वेल्डिंगचा रस्ता जवळपास बंदच. आधी तो खरवडून काढावा लागतो आणि ते काम कोणी आनंदाने घेत नाही.

माझी मागणी एवढीच. टाकीच्या लेपाच्या प्रत्येक डब्यावर तो २० टक्के इथेनॉलला टिकतो की नाही, हे मराठीत आणि ठळक छापायची सक्ती व्हावी. माझ्याकडे गिऱ्हाइकं जे डबे घेऊन येतात, त्यांतल्या काहींवर ‘पेट्रोलला चालतो’ एवढंच असतं. असा डबा मी उघडत नाही, दुकानात परत करायला सांगतो.

आपला वाचक,
एक गॅरेजवाला, चिपळूण