वायर शेवटी लावा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई बोलता बोलता गप्प झाली, तेव्हाच मला शंका आली होती. मग दादाने सगळं सांगितलं. नव्या लॅपटॉपला प्रिंटर जोडेना, म्हणून बाबांनी इंटरनेटवर सापडलेल्या एका 'हेल्पलाइन'ला फोन लावला, तो माणूस सांगेल ते अ‍ॅप टाकलं आणि अडीच हजार रुपये भरले. बाबा, पैशांचं जाऊ दे. आठ दिवस तुम्हाला जेवण गोड लागलं नाही आणि तुम्ही मला एक फोन केला नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं. समोरचा माणूस फसवायलाच बसला होता. तुमचं काही चुकलं नाही.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार आजच नोंदवा, पावतीचा फोटो दादाकडे आहे. बँकेचे पासवर्ड फोनवरूनच बदला, त्या लॅपटॉपवरून नको. लॅपटॉप नवा आहे, त्यात अजून काही साठवलेलं नाही, म्हणून दादा रविवारी येऊन तो पूर्ण पुसून पुन्हा सुरू करून देईल. तोवर त्याचं वायफाय बंद ठेवा.

आता मूळ दुखणं. आपल्या प्रिंटरला अक्षरं कळत नाहीत, कागदावर कुठे ठिपका द्यायचा एवढंच कळतं. मधे दुभाष्या लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. आणि विंडोजचा दुभाष्या मॅकच्या कामाचा नाही, मॅकचा लिनक्सच्या (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी प्रणाली) नाही. 2012 साली प्रिंटरबरोबर आलेली सीडी आता निरुपयोगी आहे. लॅपटॉपला सीडीची खाचच नाही, आणि त्यावरचा ड्रायव्हर 32 बिटचा. नव्या लॅपटॉपमधलं विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं, त्यावर तो जुना ड्रायव्हर चालत नाही.

म्हणून या पत्रासोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. प्रिंटरच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आईने फोटो काढून पाठवला होता, तो कंपनीच्याच साइटवर टाकून 64 बिटची फाइल उतरवली आहे. दादाचं काम झालं की प्रिंटरची यूएसबी वायर काढून ठेवा. आधी पेनड्राइव्हमधली फाइल चालवा. मध्येच ती स्वतःच केबल जोडायला सांगेल, तेव्हाच वायर लावा. आधीच लावली तर विंडोज मनाने काहीतरी ओळखून बसतं आणि मग तो प्रिंटर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सगळं झालं की सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा. तिथे प्रिंटरचं नाव दिसलं की एक चाचणीचं पान काढा.

आई, तू विचारलं होतंस, जुन्या लॅपटॉपवर हाच प्रिंटर बिनबोभाट कसा चालतो? विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, म्हणून दिवाळीत मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं. वायर लावली आणि कोपऱ्यात 'प्रिंटर तयार आहे' अशी पट्टी आली, बस. आपल्यासारख्या जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्सच्या मंडळींनी स्वतः खपून लिहिले आहेत, फुकट. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. उलट गणपतीत माझ्या मॅकवरून आरतीची पानं काढायला गेले तर एक पान निघालं नाही. खरं तर मॅक आणि लिनक्स दोन्हीकडे छपाईचं काम कप्स नावाची एकच व्यवस्था बघते. पण मॅकसाठी आपल्या प्रिंटरचा दुभाष्या कंपनीने दिलाच नाही, आणि ड्रायव्हरशिवाय चालणारी एअरप्रिंटची सोय या मॉडेलमध्ये नाही.

तेव्हा महिला मंडळाची यादी अडली असेल तर आई, जुन्या लॅपटॉपवरूनच काढ. बाबांच्या स्तोत्राची मोठ्या अक्षरांतली पानंही तिथूनच निघतील.

बाबा, पुन्हा प्रिंटर अडला तर इंटरनेटवर नंबर शोधू नका, आधी मला फोन करा. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन. रविवारी दादा निघण्याआधी व्हिडिओ कॉल लावा, चाचणीचं पान मला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवा.

तुमची,
मनू