ठसा असलेला राणीछाप रुपया घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेच्या बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘जादा ठशाचा राणीछाप, अतिदुर्मिळ’ म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या चित्राचे चांदीचे रुपये वाटेल त्या भावाने विकले जात आहेत. बहुतेकांवरचा हा नंतर मारलेला ठसा म्हणजे सराफाची खूण. चांदी आतपर्यंत आहे की नुसता मुलामा, हे पाहायला ती मारत. अंकुशी, चांदवडी असे निरनिराळ्या कसाचे रुपये बट्टा कापून चालत, त्या काळची ही सवय. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा एकाच तोलाचा रुपया आला तरी ती लगेच सुटली नाही. अशा खुणेने संग्राहकाच्या लेखी नाण्याचा भाव उतरतोच.

सरकारी ठसा वेगळा. परक्या नाण्याला आपल्या मुलखात चालवण्यासाठी तो मारत. पोर्तुगीजांनी मोझांबिकमध्ये हिंदी रुपयांवर मुकुट आणि पी-एम ही रोमन अक्षरे उठवली, ती अशीच. पण या प्रकारात नक्कल पहिल्यापासून आहे. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने स्पॅनिश डॉलरवर राजाचे इवलेसे मुंडके ठोकून ते ४ शिलिंग ९ पेन्सला काढले. चांदीच्या मोलापेक्षा हा भाव चढा, आणि नकलेला एक पंच, म्हणजे ठसा उठवायचा खिळा, पुरे! काही महिन्यांतच ती नाणी परत घ्यावी लागली. १८०४ चा अष्टकोनी ठसाही टिकला नाही. शेवटी अख्खे नाणेच नव्याने छापले.

आता पारख. कोऱ्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, झिजलेल्याचे थोडे कमी. लोहचुंबकावर विसंबू नका, चांदीसारखे दिसणारे पण चांदी नसलेले जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता दिसतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा आकडा. तो १.१३ च्या आसपास हवा. वजन तेवढेच आणि आकडा १.३ दिसला, तर धातू चांदीहून हलका. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर आकडा फुगतो, ते आधी झटका.

खऱ्या रुपयावर नवा ठसा मारला असेल तर ही परीक्षा काहीच सांगणार नाही. तिथे दहापट भिंग लागते. पंच मारला की मागच्या बाजूची नक्षी त्याच जागी चेपते. ती शाबूत असेल तर नाणे ओतीव असण्याचा संशय घ्या. राणीचे नाक झिजलेले आणि ठशाच्या कडा मात्र धारदार, हे जुळत नाही. खाचेत पांढरी चकाकी किंवा गंधकाने आणलेला सारखा काळेपणा, दोन्ही वाईट. रुपया हारातला असू शकतो, म्हणून काठावर कडी जोडल्याची खूणही शोधा.

आणि चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लावू नका. खाचेतला जुना काळेपणा गेला की पारखायला उरते काय?

अशा नाण्याची बातमी देताना दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वजन छापावे, ही विनंती.

आपले,
नाणी जमवणारे काही वाचक, सांगली