फोटोवरून वाऱ्याचा वेग

दादर, मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

भाच्याने ओक्लाहोमाहून पाठवलेले फोटो पाहिले. घर पार पुसलं गेलंय म्हणजे टोर्नेडो ईएफ-५, म्हणजे तीव्रतेच्या मोजपट्टीवरचा सगळ्यात जबर असणार, असं तू म्हणतोस. एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही.

टोर्नेडोच्या वाटेत वारा मोजायचं यंत्र सहसा नसतंच, म्हणून मोडतोडीवरून उलटा हिशेब मांडतात. हवामानशास्त्रज्ञ फुजितांनी १९७१ साली तशी मोजपट्टी काढली, अमेरिकेत २००७ पासून तिचं सुधारलेलं रूप, म्हणजेच ईएफ, वापरतात. त्यात घर, शाळा, विजेचा खांब, झाड असे २८ प्रकार आहेत. प्रत्येकाच्या नुकसानीच्या पायऱ्या ठरलेल्या, आणि दर पायरीला तीन सेकंदांच्या झोताचे किमान, अपेक्षित व कमाल वेग. घराची शेवटची पायरी म्हणजे नुसती पायाची काँक्रीटची स्लॅब उरणं. तिचा वेग ताशी २६६ ते ३५४ किमी, म्हणजे ईएफ-३ पासून ईएफ-५ पर्यंत काहीही!

भिंती गेल्या कुठे यापेक्षा त्यांना धरलं कशाने होतं, ते बघायचं. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. भिंतीखालची लाकडी पट्टी स्लॅबला अँकर बोल्टने, म्हणजे काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टने आवळतात. नट-वॉशर जागेवर असून पट्टी फाटून गेली असेल, तर वारा खरोखर जबर. बोल्टचे आटे शाबूत आणि नटच नाही, तर पट्टी अलगद उचलली गेली. काही ठिकाणी पट्टी तशीच राहते आणि वर सरळ उभे खिळे दिसतात: उभे वासे खालून ठोकलेल्या खिळ्यांवर बसवलेले असतात, ते वर ओढले की सुटतात. असं घर कमी वाऱ्यातही जातं.

गॅरेजचं दारही बघ. ते आत ढकललं गेलं की वारा घरात शिरतो, छपराला खालून रेटतो, वरून ओढ असतेच. छप्पर गेलं की भिंतींचा आधार गेला. बाहेरचा दाब घटून घर फुटतं, म्हणून खिडक्या उघडाव्यात, हा जुना समज निव्वळ चुकीचा.

आपल्याकडचा अंदाज हवा तर आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी आराखड्यात धरायचा वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किमी. हा ईएफ-१ मध्येच येतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ४४ ला चौरस मीटरवर साधारण ११८ किलो, दुप्पट वेगाला चौपट. घाटकोपरचं होर्डिंग १३ मे २०२४ ला पडलं तेव्हाचा वारा या ४४ च्या बराच खाली होता. पत्र्याच्या शेडलाही हीच परीक्षा: पत्रा धरणाऱ्या जे-बोल्टचा वाकवलेला आकडा सरळ झालाय, की पत्राच वॉशरभोवती फाटलाय?

आता झाडं. ती नुकसानीच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेकडे झुकून पडली असतील तर टोर्नेडो. पंख्यासारखी बाहेर पसरली असतील तर ढगातून खाली आदळलेला वारा. मुळं कुजलेली किंवा माती भिजलेली असेल तर त्या झाडावरून वेग काढू नये. एकट्या घरावरूनही नाही. शेजारची झुडपं, खांब, गाड्या त्याच वेगाची साक्ष देतात का, ते ताडून बघतात.

भाच्याला सांग, जेसीबी फिरायच्या आत स्लॅबच्या चारही कडांचे जवळून फोटो काढ, बाजूला टेप ठेव, आणि दर फोटोला दिशा लिही. उत्तर दिशा कुठे हे कळल्याशिवाय पडलेल्या झाडाचा फोटो माझ्या काहीच कामाचा नाही.

तुझा,
अविनाश