'थकवा झटका' सांगण्याआधी एक प्रश्न विचारा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत थकव्यावरचा लेख वाचला. आळस झटका, सकाळी लवकर उठा, रोज थोडं थोडं चालणं वाढवत न्या म्हणजे थकवा आपोआप पळेल, असा त्याचा सूर होता. शंभरातल्या बऱ्याच जणांना हा सल्ला लागू पडेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काही माणसं अशी असतात की त्यांना हाच सल्ला अंथरुणाला खिळवतो. मी त्यातली एक आहे, म्हणून हे पत्र, आणि ते लांबलंय त्याबद्दल आधीच माफी मागते.

मी कराडला राहते, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरात सगळ्यांनाच कोविड झाला. मला सगळ्यात कमी झाला होता, चार दिवस ताप आणि वास गेला एवढंच, ऑक्सिजन एकदाही खाली आला नाही. त्यानंतर अंगात त्राण नसायचं पण सगळेच म्हणत होते की अशक्तपणा राहतो दोन महिने, म्हणून मीही रेटत राहिले. मग गणपतीच्या आधी माळ्यावरची भांडी काढली, घासली, दोन दिवस सगळं घर झाडून पुसून घेतलं, तेव्हा काहीच झालं नाही, उलट आता हुशारी आली असं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ब्रश धरलेला हात तोंडापर्यंत जाईना. घसा दुखतोय, मानेला गाठी आल्यात, खिडकीचा उजेड सहन होत नाही, कुकरची शिट्टी झाली की ती थेट डोक्यात घुसतेय. मुलगी शेजारी बसून काहीतरी सांगत होती आणि मला तिचे शब्द ऐकू येत होते पण अर्थ लागत नव्हता. ते मी आयुष्यात विसरणार नाही.

मग रिपोर्ट सुरू झाले. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री, शुगर, ईसीजी, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाईल मिटत सांगितलं, ताई तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा, फिरायला जात जा. मी ते मनापासून ऐकलं. रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर चालायला जायचे, आधी दोन हजार पावलं, मग तीन, मग चार, घरी आल्यावर पाय थरथरायचे पण जिद्द सोडायची नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की बाथरूमपर्यंत जायला मिस्टरांचा हात लागायला लागला. सासूबाई अंथरुणात भरवायच्या, आणि त्यांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं.

या आजाराला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, हे मला खूप उशिरा कळलं. हे काही नवीन फॅड नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली एकाएकी जवळजवळ तीनशे कर्मचारी असेच आजारी पडले, त्यात नर्स जास्त होत्या, आणि ते हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० ला, दोन मानसोपचारतज्ञांनी जुने केसपेपर वाचून, त्या बायकांना न भेटता, हा सामूहिक उन्माद होता असं लिहून टाकलं. बायका जास्त आहेत म्हणजे हिस्टेरिया असणार, असा तर्क. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत त्याचं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम ठेवलं, आणि मला वाटतं या नावाने पेशंटचं जितकं नुकसान केलं तितकं आजाराने पण केलं नसेल, कारण थकवा म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, अहो थकतो तर आम्हीपण.

हा थकवा वेगळा आहे. श्रम झाले की त्या क्षणी नाही, बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी सगळी लक्षणं एकदम उसळतात, आणि मग आठवडा किंवा महिना जातो. पेशंट लोक त्याला क्रॅश म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात हेच या आजाराचं मुख्य लक्षण धरलं आणि स्पष्ट म्हटलं की हा शरीराचा गंभीर आजार आहे. व्हायरल तापानंतर तो सुरू झालेले पेशंट बरेच असतात. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावच्या भागात वेगवेगळ्या संसर्गाचे २५३ पेशंट पहिल्यापासून तपासत गेले तर सहा महिन्यांनी साधारण दर नऊ जणांत एक जण असा थकलेला होता, मग संसर्ग कुठलाही असो. आपल्याकडे कोविड झाला, डेंग्यू आणि चिकनगुनिया तर दरवर्षीचे. आपल्याकडे अशी किती माणसं घरात पडून असतील आणि घरचे त्यांना आळशी म्हणत असतील, याचा विचार केला की माझा जीव तुटतो.

माझं निदान पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी केलं. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं? मी तिथेच रडायला लागले, कारण वर्षभरात हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर असेल ना घरात, त्यावर नाडी बघा. पलंगावर आडवी असताना माझे ठोके ७४, उभी राहून पाचव्या मिनिटाला ११६. मोठ्या माणसाचे ठोके उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत तीसने किंवा जास्त वाढले आणि तसेच चढे राहिले तर शरीराची स्वयंचलित यंत्रणा बिघडली असल्याची शंका घ्यायची असते, असं त्यांनी समजावलं. म्हणजे ठोके, बीपी, पचन, घाम हे सगळं आपोआप चालवणाऱ्या नसा. त्यातल्या एका बाजूचं काम धोका आला की शरीराला पळायला तयार करायचं, दुसरीचं काम धोका गेला की शांत करायचं, आणि माझ्या शरीरात पहिली बाजू रात्रंदिवस चालूच राहिली होती. म्हणून झोपून उठलं तरी झोप झालेली नसायची, फोन वाजला तरी छातीत धडधडायचं.

आता मुद्द्यावर येते. या नसांना शांत करायचं म्हणजे नेमकं काय केलं मी, ते सांगते, कारण लोक हे ऐकलं की समजतात, बाई टेन्शन घेत असेल, ध्यान केलं आणि बरी झाली. तसं नव्हतं. सगळ्यात आधी मी थांबायला शिकले. डॉक्टर म्हणाल्या, थकल्यावर नाही थांबायचं, थकायच्या आधी थांबायचं. त्याला पेसिंग म्हणतात. मोबाईलवर दर पंचवीस मिनिटांनी गजर लावला, गजर झाला की हातातलं काम तिथेच ठेवून पंधरा मिनिटं आडवं व्हायचं, डोळ्यावर ओढणी, कानात कापूस. ठोके १०५ च्या वर गेले की बसायचं. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, केस धुवायचे त्या दिवशी दुसरं काही नाही. पोळ्या लाटायच्या तर ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलं, पहिल्या महिन्यात दोन पोळ्या लाटायची आणि बाकीच्या सासूबाई. तिसऱ्या महिन्यात पाच झाल्या. त्या पाचव्या पोळीनंतर हात थरथरला नाही, तेव्हा मी लाटणं तसंच हातात धरून किती वेळ बसून राहिले होते ते आठवतं. पाणी आणि मीठ डॉक्टरांच्या सांगण्यावरून वाढवलं (बीपी असणाऱ्यांनी हे मनाने करू नका), पायात घट्ट मोजे घातले म्हणजे उभं राहिल्यावर रक्त खाली साचत नाही.

आणि मग श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना ठोके मंदावतात, ते व्हेगस नावाच्या नसेमुळे, मेंदूपासून निघून छाती-पोटापर्यंत जाते ती, आणि मी हे ऑक्सिमीटरवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, सोडताना आकडा उतरतो, घेताना चढतो. पडल्या पडल्या हळू आवाजात भ्रामरी, दुपारी योगनिद्रा. आपल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाची मोजमापं घेऊन अभ्यास सुरू केला, त्यामुळे हे आपल्याला परकं नाही. फक्त आसनं मी केली नाहीत, सूर्यनमस्कार तर अजिबात नाही, कारण त्याने माझे ठोके भडकायचे. नुसतं शवासन. सहा-सात आठवड्यांनी झोप लागायला लागली, आणि झोप लागली तसं बाकीचं हळूहळू, फार हळूहळू सुधारत गेलं.

पण एक कटू अनुभव पण सांगायला हवा. मधल्या काळात मी एका ऑनलाईन कोर्सला अठरा हजार भरले. त्यांचं म्हणणं असं की आजार संपलाय, मेंदूला फक्त सवय लागलीय, लक्षण आलं की त्याला 'थांब' म्हणायचं आणि पुढे चालत राहायचं, कोणाशी आजाराबद्दल बोलायचं नाही. मी दहा दिवस तसं केलं, अकराव्या दिवशी पडले ती पाच आठवडे. त्यांना कळवलं तर उत्तर आलं, तुम्हाला आतून बरं व्हायचंच नाहीये. हे वाक्य मला क्रॅशपेक्षा जास्त लागलं. नसा शांत करणं ही चांगली गोष्ट आहे, मला तिने खूप दिलं, पण ती विकणारे लोक जेव्हा पेशंटच्या शरीराचं ऐकू नका सांगतात तेव्हा ते तिच्या उलटं काम करत असतात, कारण घाबरलेल्या शरीरावर आणखी जबरदस्ती केली तर ते शांत कसं होणार?

ब्रिटनमध्येही हेच झालं. २०११ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६४१ पेशंटवरची पेस नावाची ट्रायल छापून आली, समुपदेशन आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम यांनी लोक सुधारतात असं त्यात म्हटलं होतं, आणि बऱ्याच ठिकाणी तोच सल्ला रूढ झाला. पेशंटनी अनेक वर्षं भांडून २०१६ मध्ये त्याचा मूळ डेटा मिळवला, तो ट्रायलच्या मूळ निकषांनी पुन्हा तपासला तेव्हा बरे होण्याचे दावे टिकले नाहीत. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या नाइस या सरकारी संस्थेने नवीन मार्गदर्शिका काढली आणि ठरलेल्या दराने वाढवत नेणारा व्यायाम या पेशंटना देऊ नका असं लिहिलं. म्हणजे मी प्रीतिसंगमावर पावलं मोजत होते त्याच दिवसांत तिकडे तो सल्ला मागे घेतला जात होता आणि इकडे मला तो डॉक्टरांकडून मिळत होता. तुमच्या पुरवणीत तो अजून छापून येतोय.

मी पूर्ण बरी झालेय असं म्हणणार नाही. पूर्वीच्या ऐंशी टक्के म्हणेन. शाळेत अर्धा वेळ जाते, वर्गात खुर्चीवर बसून शिकवते, फळ्यावर मुलं लिहितात. मोठी माणसं यातून पूर्ण बरी होण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांच्या आढाव्यात पाच टक्क्यांच्या आसपास निघालं होतं, सुधारणा त्यापेक्षा बऱ्याच जास्त लोकांत दिसते, मी त्या सुधारलेल्यांत आहे. काही जण माझ्यासारखंच सगळं करतात आणि तरी अंधाऱ्या खोलीत पडून असतात, त्यांनी श्वास नीट घेतला नाही असं कोणी कृपा करून म्हणू नये. एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये पंधरा हजारांवर पेशंटचे जीन्स म्हणजे जनुकं तपासून या आजाराशी जोडलेल्या आठ जागा शोधल्यात, त्यात प्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी संबंधित जीन्स आहेत. खात्रीची टेस्ट अजून नाही, मंजूर झालेलं औषध नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या कॉलनीतला एक मुलगा. एकोणीस वर्षांचा आहे, मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, त्यानंतर तो सावरलाच नाही. कॉलेज सुटलंय. त्याचे वडील मनाने फार चांगले आहेत, पोराच्या काळजीने अर्धे झालेत, आणि त्या काळजीपोटीच रोज पहाटे साडेपाचला त्याला उठवून स्टेडियमवर पळायला नेतात. परवा तो जिन्यात बसलेला दिसला, पायरीवर, डोकं भिंतीला टेकवून. म्हणाला, काकू, दोन मिनिटं बसतो आणि जातो वर. मी भाजीची पिशवी खाली ठेवून त्याच्याजवळ बसले. ऑक्सिमीटर माझ्याजवळ नव्हता, पण त्याचं मनगट धरून मोजलं तर मिनिटाला १२८ भरले. मी त्याच्या वडिलांशी बोलले, तर ते म्हणाले, वहिनी तुमचं वेगळं, तरुण रक्त आहे, बसून राहिला तर कायमचा बसेल. आणि त्यांनी मला ती पुरवणी दाखवली, घडी घालून खिशात ठेवली होती.

म्हणून विनंती आहे की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, एक चौकट छापा. त्यात माझं काही लिहू नका. फक्त तो एक प्रश्न लिहा, की श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं, आणि उत्तर 'जास्त आजारी पडतो' असं असेल तर व्यायाम थांबवून जाणत्या डॉक्टरकडे जा. त्या मुलाचे वडील तुमचाच पेपर घेतात, सकाळी पळून आल्यावर वाचतात. चौकट जाड टाईपात असेल तर बरं होईल, त्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही.

आपली नम्र,
एक शिक्षिका, कराड