शेवटच्या पाटीवर उरलेला इतिहास

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या सशस्त्र प्रतिकारावरील चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. विषयाची निवड उत्तम होती, मात्र लेखाच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकाला मला हरकत घ्यायची आहे. ज्यू मुकाट्याने मरणाला सामोरे गेले हा डाग अशा चित्रपटांमुळे पुसला जातो, असा लेखाचा सूर होता. डाग होता हे आधी मान्य केले, तरच तो पुसल्याचे समाधान मिळते. आणि ज्या चित्रपटाला लेखकाने सर्वाधिक जागा दिली, तो एडवर्ड झ्विक यांचा २००८ सालचा ‘डिफायन्स’, हीच मान्यता मोठ्या कौशल्याने देऊन टाकतो.

चित्रपट बिएल्स्की बंधूंचा आहे. आजच्या बेलारूसमधील नोव्हग्रूडेक या गावाजवळच्या एका खेड्यात गिरणी चालवणाऱ्या कुटुंबातले तुविया, असाएल, झुस आणि धाकटा अ‍ॅरन हे भाऊ १९४१ च्या डिसेंबरात झालेल्या हत्याकांडात आईवडील गमावल्यानंतर जंगलाच्या आश्रयाने राहू लागले आणि त्यांच्याभोवती हळूहळू माणसे जमत गेली. १९४४ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत लाल सैन्य त्या भागात पोहोचले, तेव्हा या जंगलातून बाराशेहून अधिक ज्यू जिवंत बाहेर आले. चित्रपटात डॅनियल क्रेग यांचा तुविया या माणसांना दलदलीतून पलीकडे नेतो, समोर जर्मन रणगाडा उभा ठाकतो, आणि भांडून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या रशियन गनिमी तुकड्यांकडे निघून गेलेला झुस ऐन वेळी परतून सर्वांना वाचवतो. रणगाड्याची ही लढाई प्रत्यक्षात झालीच नाही. जर्मनांनी त्यांच्या आश्रयाच्या नालिबोकी जंगलाला वेढा घातला तो १९४३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा तुवियाने केले ते इतकेच की लढाई टाळली. वृद्ध, मुले, आजारी अशा शेकडो लोकांना घेऊन तो चिखल-पाणी तुडवत दलदलीतल्या एका उंचवट्यावर गेला आणि उपाशीपोटी, आवाज न करता सगळे तिथे दबा धरून राहिले. सेनापती म्हणून त्याची खरी कामगिरी हीच होती, आणि तीच पडद्यावर आलेली नाही.

त्यानंतरचे सगळे चित्रपट शेवटच्या पाटीवरच्या दोन-चार ओळींत उरकतो: ही माणसे आणखी दोन वर्षे जंगलात राहिली, त्यांनी शाळा, दवाखाना, पाळणाघर उभारले. माझा मुख्य आक्षेप या पाटीला आहे, कारण बिएल्स्कींच्या छावणीचे वेगळेपण त्या पाटीतच आहे. १९४३ च्या शरद ऋतूपासून नालिबोकीत जे उभे राहिले, ते जवळजवळ एक गावच होते. अर्धी जमिनीत खणलेली, लाकडाने शाकारलेली लांबट घरे, त्यांच्यामधून जाणारा रस्ता, घोड्यावर चालणारी पिठाची गिरणी, भट्टी, न्हाणीघर, साथीच्या रोग्यांसाठी वेगळी जागा. चांभार, शिंपी, सुतार, घड्याळे दुरुस्त करणारे, मोडक्या बंदुका पुन्हा चालत्या करणारे कारागीर तिथे कामाला बसले होते. कातडी कमावण्याची जागाच प्रार्थनेसाठीही वापरली जाई.

या कारागिरीकडे केवळ पोटापाण्याची सोय म्हणून पाहता येणार नाही. आसपासच्या बहुतेक सोव्हिएत गनिमी तुकड्या बंदूक बाळगणारा तरुण असेल तरच ज्यूंना आत घेत; स्त्रिया, म्हातारी माणसे आणि मुले त्यांना ओझे वाटत, आणि या तुकड्यांमध्ये ज्यूद्वेषही कमी नव्हता. तुवियाने मात्र येईल त्याला ठेवून घेतले. छावणीतील ७० टक्क्यांहून अधिक लोक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. इतक्या निःशस्त्र लोकांना पोसणारी तुकडी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मोडून टाकली नाही, याचे एक मोठे कारण असे की त्यांचे जोडे, खोगिरे, गणवेश आणि बंदुका याच छावणीत शिवल्या-सांधल्या जात. लढणाऱ्यांची तुकडी त्यांनी वेगळी काढली, झुस तिच्यात गेला, आणि कुटुंबांची छावणी तुवियाकडे राहिली. चित्रपटात भावाभावांच्या रागाचे रूप घेतलेल्या या फाटाफुटीमागे प्रत्यक्षात वरून आलेली आज्ञा आणि तिच्यातून माणसे वाचवण्याची तुवियाची मुत्सद्देगिरी होती. अशा वाटाघाटींवर प्रसंग लिहिणे अवघड असते हे मान्य. पण मोठ्या खर्चाच्या चित्रपटाकडून तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

या छावणीत येणाऱ्यांची कहाणीही रणगाड्यापेक्षा कमी थरारक नाही. नोव्हग्रूडेकच्या श्रमछावणीत उरलेल्या सुमारे अडीचशे ज्यूंनी काही महिने खपून सुमारे २०० मीटर लांबीचे भुयार खणले, निघालेली माती माळ्यांवर आणि दुहेरी भिंतींच्या पोटात लपवली, भुयारात विजेचे दिवेही नेले, आणि २६ सप्टेंबर १९४३ च्या रात्री ते बाहेर पडले. बरेच जण पळतानाच मारले गेले. वाचलेल्यांपैकी अनेक जण बिएल्स्कींपर्यंत पोहोचले. त्याआधीही घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, निसटणाऱ्यांना कॉन्स्टंटी कोझलोव्स्की या शेतकऱ्याचे घर वाटेतला आसरा होते. पकडला गेला असता तर त्याचे अख्खे कुटुंब गेले असते.

‘त्यांनी आधीच शस्त्र का उचलले नाही’ हा लेखात न विचारलेला, पण ओळीओळीतून ऐकू येणारा प्रश्न. जर्मनांनी पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३० लाखांहून अधिक उपासमारीने, थंडीने आणि गोळीबाराने मेले. ते तरुण होते, शिकवून तयार केलेले सैनिक होते, आणि तरी त्यांनी बंड का केले नाही असे कोणी विचारत नाही. ज्यूंच्या बाबतीत मात्र म्हातारे आईबाप आणि कडेवरची मुले असलेल्या माणसांकडून आपण ती अपेक्षा सहज करतो. वॉर्सा घेट्टोतील ज्यू लढाऊ संघटना २८ जुलै १९४२ रोजी, म्हणजे ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे माणसे भरलेल्या गाड्या सुटू लागल्या त्याच आठवड्यात स्थापन झाली. पण सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे नेली गेली तेव्हा तिच्याकडे शस्त्रे जवळजवळ नव्हतीच. १९ एप्रिल १९४३ ला उठाव झाला, तो मागे बहुतेकांचे कुटुंबच उरले नव्हते अशा तरुणांनी केला. त्या उठावाचे एक नेते, पुढे हृदयरोगतज्ज्ञ झालेले मारेक एडेलमन, हातात बंदूक घेऊन मरणे हे मुलाचा हात धरून गाडीत चढण्यापेक्षा श्रेष्ठ मानायला आयुष्यभर नकार देत राहिले. लढलेल्या माणसाचे हे मत आहे, म्हणून ते गंभीरपणे घ्यावे लागते.

विल्ना (आजचे लिथुआनियातील विल्नियस) घेट्टोतील इत्झिक विटेनबर्गची गोष्ट तर कोणत्याही युद्धपटाच्या साच्यात बसणार नाही. तिथल्या लढाऊ संघटनेचा तो प्रमुख. जुलै १९४३ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला ताब्यात मागितले, न दिल्यास घेट्टो उद्ध्वस्त करण्याची धमकी दिली, आणि घेट्टोतील भेदरलेले ज्यूच त्याने शरण जावे म्हणून रस्त्यावर उतरले. आपल्याच माणसांवर गोळी चालवायची की प्रमुख द्यायचा, अशा पेचात विटेनबर्गने सूत्रे आपला सहकारी अब्बा कोव्हनरकडे सोपवली आणि तो स्वतः चालत गेला. कैदेतच त्याचा मृत्यू झाला. यात भ्याड कोण आणि शूर कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एका बाबतीत मात्र चित्रपटावर अन्याय होऊ नये. भाऊ शेतकऱ्यांकडून बंदुकीच्या धाकाने धान्य आणतात आणि छावणीतले लोक हाती लागलेल्या जर्मन सैनिकाला मारमारून ठार करतात, हे त्याने झाकलेले नाही. प्रदर्शनाच्या वेळी पोलंडमध्ये वेगळाच वाद झाला. ८ मे १९४३ रोजी सोव्हिएत गनिमी तुकड्यांनी नालिबोकी गावातील शंभराहून अधिक पोलिश रहिवाशांना ठार केले होते, आणि त्यात बिएल्स्कींची माणसे होती असा आरोप झाला. तो सिद्ध झालेला नाही. पण त्या जंगलाभोवतीच्या खेड्यांनी जर्मन, सोव्हिएत आणि पोलिश अशा सगळ्या बंदुका सोसल्या, हे प्रेक्षकाला ठाऊक असायला हवे, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

पुरवणीत ऐतिहासिक चित्रपटांवरील लेखांसोबत कथेतील कल्पित आणि घडलेले प्रसंग वेगळे दाखवणारी एक छोटी चौकट देता आली, तर माझ्यासारख्या वाचकांना तिचा फार उपयोग होईल. ‘डिफायन्स’साठी अशी चौकट पुढील अंकात देता येईल का, याचा विचार व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक