जकात नाक्यावरचा चित्रकार

सोनू,

'आऊटसायडर' चित्रकारांवरच्या, म्हणजे कलेचं शिक्षण न घेता चित्रं काढणाऱ्यांवरच्या तुझ्या प्रबंधाचं पहिलं चॅप्टर काल रात्री दोनदा वाचलं. आई म्हणाली, लाइट बिल भरायचं राहिलंय आणि हे बसलेत आर्ट हिस्ट्री वाचत. इंग्लिश मला जड जातं तुला माहितीये, पण त्या फ्रेंच चित्रकाराचं, आंरी रुसोचं पान आलं आणि मी ताठ बसलो, कारण तू त्याला कस्टम ऑफिसर लिहिलंयस. अगं तो कस्टमवाला नव्हताच. लोकांनी 'ल दुआनिए' असं नाव पाडलं त्याला, त्याचा अर्थ कस्टमवाला, पण माणूस होता पॅरिस शहराच्या जकातीवर, म्हणजे आमच्यातलाच, शहरात येणारा माल बघायचा, पिंपं मोजायची, पावती फाडायची. १८७१ ते १८९३. बावीस वर्षं, मी पण नाक्यावर बावीसच काढली. जकात शहराची आणि कस्टम देशाचं, हा फरक इतर कुणाला नाही कळला तरी चालेल, तुझ्याकडून चुकला की मला लागतं.

आणि त्याला वेळ कुठून मिळायचा असं तू विचारलंयस ना, तर नाक्यावर रात्री दोन ते चार काय असतं ते मला विचार. एखादा ट्रक येतो, क्लीनर बिल्टी घेऊन उतरतो, मग अर्धा तास नुसते रातकिडे. त्या वेळेत माणूस एक तर झोपतो, नाहीतर पत्ते, नाहीतर काहीतरी खरडतो.

त्याची ती जंगलं मी मोबाइलवर मोठी करून बघितली. एकेक पान वेगळं काढलंय, जसं कुणी मोजून घेतलंय. फ्रान्सच्या बाहेर कधी गेला नाही म्हणे, सगळी झाडं पॅरिसच्या बोटॅनिकल गार्डनमधली आणि वाघ-सिंह म्युझियममधले पेंढा भरलेले! लोक हसायचे पण हा १८८६ पासून जवळजवळ दरवर्षी पॅरिसच्या एका प्रदर्शनात चित्रं लावायचा, तिथे निवड समितीच नव्हती म्हणून. झोपलेली जिप्सी बाई आणि तिला हुंगणारा सिंह, ते चित्र त्याने स्वतःच्या गावाच्या महापौराला विकत घ्या म्हणून पत्र लिहिलं, त्यांनी नको म्हटलं. आज ते न्यूयॉर्कला मोमा म्युझियममध्ये आहे.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू, पिकासोने १९०८ मध्ये त्याचं एक बाईचं पोर्ट्रेट जुन्या बाजारातून पाच फ्रँकला उचललं आणि दुकानदार म्हणाला घेऊन जा, मागच्या बाजूने कॅनव्हास कोरा आहे, तुला चित्र काढता येईल. म्हणजे बघ, चित्र म्हणून नाही, कॅनव्हास म्हणून विकलं जात होतं. मग त्याच वर्षी पिकासोने आपल्या स्टुडिओत म्हाताऱ्याला पार्टी दिली, अर्धी चेष्टा अर्धा मान. दोन वर्षांनी तो गेला.

तुझ्या बाकीच्या लोकांचंही असंच आहे की. शिकागोचा तो हेन्री डार्जर, हॉस्पिटलमध्ये झाडू-पोछा करायचा, खोलीत पंधरा हजारांवर टाइप केलेली पानं आणि शेकडो चित्रं, कुणाला पत्ता नाही, आणि घरमालक निघाला फोटोग्राफर म्हणून वाचलं सगळं. अलाबामाचा बिल ट्रेलर, गुलामीत जन्मलेला, ऐंशी ओलांडल्यावर फुटपाथवर बसून पुठ्ठ्यावर काढायला लागला, आणि ते पुठ्ठे जपून ठेवले ते एका तरुण चित्रकाराने. तू लिहितेस की इतिहासाने हळूहळू यांना जागा दिली. मला तरी इतिहासबितिहास दिसत नाही बाबा, शेजारी कोण राहत होतं तेवढंच दिसतं.

एक भांडण अजून आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना या आऊटसायडरांच्या यादीत घालू नकोस. वारली चौक लग्नात सवाशिणी काढायच्या, पालघाट देवीचा, त्याचे नियम ठरलेले असतात, मशेंनी ते बायकांचं काम हातात घेतलं आणि लग्न असो नसो रोज काढलं, ही त्यांची बंडखोरी. पण ते कशाच्या बाहेर होते? त्यांच्या पाड्याच्या तर नाही ना. १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होते, २०११ ला पद्मश्री, ते गॅलरीवाल्यांना उशिरा दिसले एवढंच. आऊटसायडर हा शब्द १९७२ चा इंग्लिश माणसाचा, त्याच्या दाराच्या हिशोबाने तो बरोबर असेल.

आता खरं कशासाठी लिहायला बसलो ते. आमच्या नाक्यावर एक शिपाई होते, माझ्यापेक्षा बरेच मोठे, नाव नको. पावती पुस्तकाच्या स्थळप्रतीच्या, म्हणजे ऑफिसात राहणाऱ्या प्रतीच्या मागे बॉलपेनने ट्रक काढायचे. फक्त ट्रक. समोरून नाही, मागून, फाळक्यापासून, ताडपत्रीची घडी कशी पडलीय, दोराची गाठ कुठे आलीय, खाली लोंबणारी काळी बाहुली, आणि ट्रकचा नंबर खरा. मी एकदा पावतीशी ताडून बघितलं होतं, त्या रात्रीचाच ट्रक. आम्ही त्यांना 'आरटीओ' म्हणायचो आणि हसायचो, मीही. किती पुस्तकं भरली असतील देव जाणे.

नाका बंद झाला तेव्हा रेकॉर्ड निर्लेखनाचा, म्हणजे जुनं रेकॉर्ड रद्दीत काढायचा प्रस्ताव मीच तयार केला होता. मुदत संपलेली पावती पुस्तकं, पोती भरून, काट्यावर वजन केलं, रद्दीवाल्याचा टेम्पो आला. एक पोतं फाटलं होतं, त्यातून एक पुस्तक खाली पडलं, उघडं, मागची बाजू वर. मी ते उचलून परत पोत्यात कोंबलं, कारण वजन आधीच लिहून झालं होतं, आकडा चुकला असता.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हे तुझ्या प्रबंधात घालू नकोस, माझ्याकडे पुरावा काहीच नाही. ऑफिसच्या कुठल्यातरी कपाटात रद्दीच्या नोंदीवर माझी सही तेवढी असेल.

बाबा